टाळलेली जागा

वाका, उकरा, भरा, बांधा. मालनबाईंच्या नोकरीचं सार एवढंच. सरकारी माती-तपासणीच्या प्रयोगशाळेत त्या बासष्ट साली लागल्या. कागदावर हुद्दा मदतनिसाचा, काम मात्र वावरातलं. जीपच्या मागच्या बाकावर बसून निफाड, सिन्नर, सटाणा करायचं, कांद्याच्या नाहीतर द्राक्षाच्या वावरात उतरायचं आणि नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी थांबायचं. प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा, वरचा पापुद्रा झाडून टाकायचा, वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरवडायची. मग सगळी माती गोणपाटावर ओतून कालवायची. ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे. असं करता करता अर्धा किलो उरली की ती कापडी पिशवीत, आणि पिशवीच्या तोंडाला चिठ्ठी. बाईमाणूस वावरात कशाला, म्हणून पहिली दोन वर्षं लोक बघायला जमायचे. पुढं त्यांना सवय झाली. कंबरेला मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

ज्या साहेबांनी त्यांना हे काम शिकवलं, ते फार शिस्तीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक म्हणजे, माणसाचं ऐकायचं नाही. शेतकरी आपलं चांगलं वावर पुढं करतो, एखादा मुद्दाम वाईट दाखवतो. आपण फक्त मातीचं ऐकायचं. आणि दुसरी, वावरातली वेगळी दिसणारी जागा टाळायची. बांधाचा कड, झाडाखालची सावली, उकिरड्याशेजार, पाणी साचतं ती खोलगट जागा, जिथं काही उगवत नाही ती जागा.

"एका वाईट कोपऱ्यानं अख्ख्या वावराची बदनामी करायची नाही, बाई," साहेब म्हणाले होते.

मालनबाईंनी हे पाठ करून ठेवलं. वडलांनी उपाशी राहून शिकवलेली मुलगी ती. वस्तीत मॅट्रिक झालेली पहिली. कामात खोट निघाली तर 'यांना नोकऱ्या दिल्या की असंच' म्हणायला लोक टपलेलेच. म्हणून त्या एकही पायरी गाळत नसत. एकोणीस वर्षं गाळली नाही.

एक्क्याऐंशीच्या मार्चात औद्योगिक वसाहतीच्या ऑफिसातून एक वेगळंच पत्र आलं. सातपूरला मुलाम्याचा एक कारखाना होता. सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, स्कूटरचे भाग, सगळ्यावर तिथं क्रोमचा चकचकीत मुलामा चढायचा. एकोणऐंशीत संप झाला, आणि संपात कारखाना जो बंद पडला तो पडलाच. आता ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची, तर जमिनीत धातू मुरलाय का, एवढं बघून द्या, असं पत्रात होतं.

प्रयोगशाळेचं रोजचं काम खताचं. पण रसायनतज्ज्ञ वाल्मीकसाहेब नुकतेच लागलेले, अंगात उमेद होती. त्यांनी कुठूनशी एक औषधाची बाटली मागवली. मातीच्या पाण्यात तिचे थेंब टाकले की क्रोम असेल तर जांभळा रंग येतो, म्हणाले.

"फक्त मालनबाई, तुमची ती खुरपी नका वापरू. लोखंड नको, पितळ नको."

"मग काय बोटानं उकरू?"

"लाकडाचं काहीतरी बघा की."

मालनबाईंनी घरातला लाकडी चाटू उचलला. आंबील हलवायचा, सासूच्या वेळचा. तो पुन्हा चुलीकडं गेला नाही.

घरी त्यांनी सांगितलं, सातपूरला जाते. सातपूरला कुठं, हे सांगितलं नाही, आणि सावळीरामांनी विचारलं नाही. सावळीराम म्हणजे त्यांचे यजमान. त्यांनी चौदा वर्षं त्याच कारखान्यात मुलाम्याच्या टाकीवर काढली होती. संप, मोर्चे, फाटकावरचं कुलूप, सगळं बघून झाल्यावर ते एका शाळेत शिपाई म्हणून लागले, आणि त्या दिवसापासून घरात त्या कारखान्याचं नाव निघालं नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. पण भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली संपाच्या सभेचा एक फोटो होता, तो त्यांनी एक दिवस काढून ट्रंकेत टाकला, आणि मालनबाई समजल्या.

कारखान्याच्या फाटकावर राखणदार होता सोमा. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरचा. वसाहतीनं दिलेला खाकी कोट त्याला गुडघ्यापर्यंत यायचा. फाटकाजवळच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको तानुबाई राहायचे. तानुबाई कंबरेवर हात ठेवून मालनबाईंच्या मागं मागं फिरली. डोंगराकडची माणसं लहानथोर सगळ्यांना एकेरीच बोलतात, तशी तीही.

"बाई, तू मातीला काय विचारती?"

"तिच्यात विष आहे का, ते."

"मंग सांगती ती?"

"सांगते. आठ दिवसांनी."

"हात्! आमचा भगत तर तांदळाचे दाणे टाकून लगेच सांगतो."

"मग त्यालाच बोलावून आण. माझी कंबर तरी वाचेल."

तानुबाई खळखळून हसली, आणि चाटू मागून घेऊन दोन खड्डे तिनंच उकरले.

मागच्या भिंतीला एक बाभूळ होती. तिच्याखाली चार-पाच हात जमीन उघडी होती. गवताची काडी नाही, आणि वर हळद सांडल्यासारखा पिवळट पापुद्रा. मालनबाईंचा पाय तिथं थांबला. हे त्यांना पुढं फार वेळा आठवलं, की पाय थांबला होता. पण झाडाखालची जागा, भिंतीचा कड, काही न उगवणारी जमीन. तिन्ही खुणा 'टाळा' म्हणणाऱ्या. त्या वळसा घालून पुढं गेल्या. वीस खड्डे झाले, माती कालवली, चार भाग केले, दोन टाकले.

आठ दिवसांनी वाल्मीकसाहेबांनी काचेची नळी खिडकीकडं धरली. पाणी जेमतेम गुलाबी. डोळे किलकिले केले तर दिसेल इतकंच.

"नसल्यातच जमा," ते म्हणाले, आणि अहवाल गेला: हानिकारक प्रमाणात आढळत नाही. खाली साहेबांची सही. नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात मालनबाईंची.

घरी जाताना मालनबाईंना त्या फाटकासमोरच बस बदलावी लागायची. एका संध्याकाळी तानुबाईनं त्यांना तारेतून हाक मारली.

"बाई! झाली का माती पास?"

"झाली."

"मंग मी हितं भाजी लावू? वसाहतीचा साहेब बोलला, कुणी घेईस्तोवर लाव."

"लाव की," मालनबाई म्हणाल्या. बस येत होती. "चांगली काळी माती आहे."

जागा कुणी घेतली नाही. कारखान्याचा दावा कोर्टात अडकला, आणि एकाची तीन वर्षं झाली. तानुबाईचे दोन वाफ्यांचे आठ वाफे झाले. मेथी, पालक, चुका, बांधाला घेवडा. सकाळच्या पाळीच्या बाया सुटायच्या वेळेला ती फाटकाशी जुड्या मांडून बसे, आणि शेजारच्या बल्बच्या कारखान्यातल्या बाया पिशव्या भरून नेत. दर शनिवारी एक जुडी मालनबाईंसाठी बाजूला असे. पैसे काढले की ती चिडे.

"तूच पास केली ना माती? मंग तुझा वाटा नको?"

कधी बस उशिरा आली की मालनबाई तिच्या उंबऱ्यावर टेकत. तानुबाईच्या बोलण्यातून त्यांना तिचं सगळं कळलं होतं. पाड्यावरची भातं, नागली निघाली की दिवाळीनंतर घराच्या दाराला काटेरी काटी लावून सगळ्यांनी खाली उतरायचं. आज द्राक्षाचा बाग, उद्या वीटभट्टी. सकाळी नाक्यावर उभं राहायचं आणि कोण हात करील त्याच्यामागं जायचं. एक लेकरू तिला बागेच्या कडेला झालं आणि तिथंच गेलं.

"लगीन झालं तसं हितंच मी पहिल्यांदा तीन पावसाळं एका छपराखाली काढलं," ती म्हणायची. "आता मला कुणी हाकललं तरी मी जाणार नाय. त्या कोटासारखी चिकटून बसंल."

सोमा कोट सावरत हसायचा.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीतला एक शनिवार. तानुबाई मेथीच्या जुड्या बांधत होती, आणि मालनबाईंचं लक्ष तिच्या बोटांकडं गेलं. मधल्या बोटाच्या सांध्यावर एक भोक होतं. जखम नव्हे, भोक. गोल, कडा उचललेल्या, खिळा ठोकून उपटल्यासारखं.

"हे काय गं?"

"काय की. महिना झाला. बुजत नाय."

"दुखतं?"

"नाय दुखत. दुखलं असतं तर ध्यान दिलं असतं." तिनं दुसरा हात पुढं केला. "ह्या हाताला बी दोन हायती."

मालनबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. अशी भोकं त्यांनी चौदा वर्षं स्वतःच्या घरात पाहिली होती. सावळीरामांच्या बोटांना, मनगटाला. मुलाम्याच्या कारखान्यात त्याला 'टाकीचा ठसा' म्हणत, आणि नव्या माणसाला पहिला ठसा उठला की चहा पाजायला लावत. सावळीरामांच्या तर नाकाच्या पडद्यालाही भोक होतं. भाजी करपून कोळसा झाली तरी त्यांना वास येत नसे.

"तानू, नवीन वाफा कुठं केलास?"

"त्या बाभळीखाली. तिथं काय उगवत नव्हतं ना, म्हणून वरची पिवळी माती हातानंच काढली."

"काढून काय केलंस?"

"सगळ्या वाफ्यांत टाकली थोडी थोडी." तानुबाईच्या चेहऱ्यावर हुशारी केल्याचं समाधान होतं. "मला वाटलं, कारखान्याचं औषध असंल. खत असंल. माती तर तू पास केलेली."

बस आली आणि गेली. मालनबाई तिथंच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "आज कुणाला विकू नकोस. तू पण खाऊ नकोस."

"का गं?"

"सांगते. पुढच्या खेपेला सांगते."

पण तानुबाईनं जुडी त्यांच्या पिशवीत आधीच कोंबलेली होती.

त्या संध्याकाळी सावळीराम जेवायला बसले तेव्हा ताटात मागच्या शनिवारच्या जुडीतल्या, वाळवून ठेवलेल्या मेथीची पातळ भाजी होती, सकाळीच केलेली. मालनबाईंनी ती ताटात वाढली तेव्हा त्यांच्या मनात काहीच नव्हतं. वाढून झाल्यावर त्या ताटाकडं बघत राहिल्या.

"अहो, टाकीतला गाळ कुठं टाकायचे?"

सावळीरामांचा हात थांबला. "कुठल्या टाकीतला?"

"तुमच्या."

पाच वर्षांत पहिल्यांदा ते नाव घरात आलं, आणि तेही न घेताच. ते उठून जातील असं मालनबाईंना वाटलं. ते उठले नाहीत.

"मागच्या भिंतीला," ते म्हणाले. "बाभूळ आहे बघ, तिच्याखाली मोठा खड्डा होता. त्यात ओतायचे आणि वर मुरूम टाकायचे. पावसाळ्यात मुरूम खचायचा, की परत टाकायचे. मीच कितीदा टाकलाय. का?"

"मी तिथली माती तपासायला नेली होती. एक्क्याऐंशीत."

"तू? आमच्या कारखान्यातली?" ते मालनबाईंकडं बघत राहिले. "मग?"

"ती जागा सोडून."

"ती सोडून बाकीची?"

"हो. तसंच शिकवलंय आम्हाला."

सावळीराम काही वेळ भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत बसले. "मला विचारायचं होतंस. एका शब्दात सांगितलं असतं."

"सांगितलं असतंत?"

त्यांनी खरोखर विचार केला. "नसतं सांगितलं," ते म्हणाले. आणि मग, "ही मेथी कुठली?"

"तिथलीच."

त्यांनी ताटाकडं बघितलं, आणि घास तोंडात घातला. "माझ्यात चौदा वर्षांचं आहेच. एका जुडीनं आणखी काय होणार?"

मालनबाईंनी ताट ओढून घेतलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पुढ्यातलं ताट त्यांनी कधी ओढलं नव्हतं. त्या रात्रीपुरती दोघांनी चटणी-भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रविवार. कुणाचं पत्र नव्हतं, जीप नव्हती. मालनबाई बसनं गेल्या, पिशवीत तोच चाटू आणि चार कापडी पिशव्या. या वेळी त्यांनी वरचा पापुद्रा झाडला नाही, तोच घेतला. बाभळीखालची माती वेगळी, वाफ्यातली वेगळी, फाटकाजवळची वेगळी. काही कालवलं नाही, काही टाकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या सगळं शिकवल्याच्या उलट करत होत्या.

तानुबाई जवळ आली. आज ती हसली नाही.

"परत विचारती तिला?"

"मागं मी चुकीचं विचारलं होतं गं. चुकीच्या जागी." मालनबाई कंबर धरून उठल्या आणि तिला सगळं सांगितलं. टाकी, गाळ, मुरूम, नवऱ्याची बोटं. तानुबाई आपल्या हातांकडं बघत ऐकत होती.

"मंग आता काय करशील?"

"साहेबांना देईन. विष निघालं तर कागद वसाहतीकडं जाईल."

"आन् मंग आमची खोली?"

मालनबाईंनी पिशवीचं तोंड बांधलं.

"ती तर हितंच हाय. तारेच्या आत." तानुबाईनं त्यांचा दंड धरला. "बाई, मी भाजी उपटते. आत्ता उपटते, तुझ्यासमोर. बाभळीला काटी लावते, कुणाला जाऊ देणार नाय. मी बी हात नाय लावणार. पण कागद नको लिहू. तू येवढं मातीचं ऐकती, येकदा माझं ऐक."

सोमा खोलीच्या दारात उभा होता, अंगात कोट. त्यानं फक्त कोटाची वरची गुंडी लावली, साहेब आल्यासारखी.

"बघते," मालनबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण सरकारी ऑफिसात 'बघतो' म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं.

सोमवारी वाल्मीकसाहेबांनी नळीत थेंब टाकले आणि नळी खिडकीकडं न्यायची गरजच पडली नाही. पिकल्या जांभळाचा रस ओतावा तसं पाणी झालं. त्यांनी ते दहापट पातळ केलं. तरी जांभळं. वाफ्यातल्या मातीचं त्याहून फिकं, पण स्पष्ट.

"कुठला हा नमुना?"

मालनबाईंनी सांगितलं. साहेब स्टुलावर बसले. तीन वर्षांत त्यांची उमेद बरीच उतरली होती, बायकोच्या बदलीच्या खटपटीत होते, चष्मा लागला होता.

"पत्र आहे का? हुकूम?"

"नाही."

"मग हा नमुना आलेलाच नाही, असंही म्हणता येईल." ते हळू बोलले, धमकी म्हणून नव्हे, सोय म्हणून. "मालनबाई, त्या पहिल्या अहवालावर माझी सही आहे."

"पिशवीत जे होतं ते तुम्ही सांगितलंत. पिशवीत काय घालायचं ते माझं काम होतं."

"पण तुम्हीही नियमानंच घेतला होता की!"

"नियम वावराचा होता साहेब. ते वावर नव्हतं."

साहेबांनी चष्मा पुसला. "विचार करा. उद्या सकाळपर्यंत मी नळ्या धुवत नाही."

मालनबाईंनी विचार केला असं म्हणता येणार नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या. न लिहिणं फार सोपं होतं, आणि त्या थकल्या होत्या. बावीस वर्षांच्या कंबरेनं थकल्या होत्या, आणि कालपासून त्याहून वेगळ्या काहीतरी थकव्यानं. तानुबाई शब्दाची पक्की होती. ती भाजी उपटील, काटी लावील. पण बोटं तर रोज त्याच अंगणातली धूळ झाडणार. त्याच पाण्यानं भांडी घासणार. उद्या पावसाळ्यात काटी मोडेल, परवा सोमाच्या जागी दुसरा कुणी येईल, त्याची बायको विचारील, इथं काही लावू का? आणि कागद सांगेल, लाव की. कागदाच्या तोंडी त्यांचेच शब्द.

बल्बच्या कारखान्यातल्या बायांच्या पिशव्याही त्यांना दिसत होत्या. त्यातली एक पोटुशी होती. तिला त्या ओळखतही नव्हत्या.

अहवालाच्या छापील कागदावर सगळ्यात खाली एक रकाना होता: नमुना घेणाऱ्याचा शेरा. बावीस वर्षांत तो त्यांनी कधी भरला नव्हता, कुणीच भरत नसे. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या आधी त्यांनी त्यात लिहिलं: 'सन १९८१ चा नमुना मी घेतला. त्या वेळी बाभळीखालची जागा मी टाळली. तो नमुना धरू नये.' खाली सही. आणि मग सहीच्याही खाली, जागा उरली होती तेवढ्यात: 'तेथील राखणदाराचे कुटुंब आजारी आहे. त्यांना दवाखान्यात न्यावे व दुसरी खोली द्यावी.'

वाल्मीकसाहेबांनी वाचलं. "हे शेवटचं आपल्या अहवालात बसत नाही."

"बसवा."

त्यांनी सही केली. तेवढं त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, केली. पण टाइप होऊन जो कागद गेला, त्यात ते शेवटचं वाक्य नव्हतं. टायपिस्टनं गाळलं की वरून कुणी, ते कधी कळलं नाही.

कागद गेल्यावर मालनबाई दोन संध्याकाळी वसाहतीच्या ऑफिसात जाऊन बसल्या. तिथल्या साहेबांनी चहा दिला, बघतो म्हणाले. तानुबाईला त्यांनी स्वतः सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि विचारलं, कुठल्या कारखान्यात कामाला आहे? वाटभर तानुबाई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी शनिवारी मालनबाई बसमधून उतरल्या तेव्हा फाटकावर नवं कुलूप होतं, आणि कवटीचं चित्र असलेली पाटी. खोलीचं दार उघडं, आत काही नाही. सोमाचा खाकी कोट तेवढा खिळ्याला टांगून ठेवला होता, घडी मोडू नये असा नीट. वाफे सगळे उपटलेले. उपटलेली भाजी तानुबाईनं एका बाजूला ढीग करून जाळली होती, म्हणजे कुणी उचलून नेऊ नये. ओली भाजी जळत नाही. तिला किती वेळ लागला असेल, कितीदा रॉकेल घालावं लागलं असेल.

मालनबाईंना ऑफिसातून एक मेमो मिळाला: विनाआदेश नमुना घेतल्याबद्दल. त्यांनी तो ट्रंकेत ठेवला, संपाच्या फोटोशेजारी. त्यानंतर त्या वावरात गेल्या की दोन पिशव्या भरायला लागल्या. एक नियमाची. दुसरी वावरातली जी जागा वाईट दिसेल, तिची. वाल्मीकसाहेब कुरकुरत, ठेवायला जागा नाही म्हणत, पण तपासत.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात भाताच्या खाचरांची माती घ्यायला जीप हरसूलकडं गेली. परतताना बाजार भरलेला होता. ड्रायव्हर चहाला थांबला, आणि मालनबाई पाय मोकळे करायला खाली उतरल्या. पोत्यावर भाजी मांडून बसलेल्या बायांच्या ओळीत, शेवटून दुसरी, तानुबाई होती.

मालनबाई थबकल्या. ओळख न दाखवता पुढं जाता आलं असतं. पाय थांबला होता, तेवढ्यात तिकडूनच हाक आली.

"काय बाई! हितं कुणाची माती नापास करायला आली?"

शेजारची बाई हसली. मालनबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. तानुबाई वाळली होती. तिनं मागच्या वेळेसारखेच दोन्ही हात पुढं केले, न विचारता. भोकं बुजली होती. त्यांच्या जागी पांढरे, गोल वण.

"बुजली बघ. चार महिन्यात. मलम बी नाय लावलं नीट."

"आणि सोमा?"

"गेला खाली. बागेला." तिनं हनुवटीनं नाशिकच्या दिशेला दाखवलं. "मी बी जाणार पुढल्या आठवड्यात. हे विकून झालं का."

"मी सांगितलं होतं गं, दुसरी खोली द्या म्हणून. लिहिलं होतं."

"लिहिलं असशील," तानुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. पाऊस कमी झाला म्हणावं तसं ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ती बाभूळ हाय का?"

"आहे. तारेच्या आत."

"शेंगा येत्यात तिला?"

"येतात. बसमधून दिसतात."

"मंग तिला कसं काय होत नाय?"

जीपचा भोंगा वाजला. तानुबाईनं पोत्यावरची एक जुडी उचलून त्यांच्या ओटीत टाकली. मुळांना लाल माती चिकटलेली होती. मालनबाईंचा हात पिशवीतल्या पैशाकडं गेला, तशी ती फिस्कारली.

"राहू दे. डोंगरावरची हाय. घरी ने न् आधी तपासून घे."

शेजारची बाई पुन्हा हसली, काही न कळताच. मालनबाई कंबर धरून उठल्या. जीपमध्ये मागच्या बाकावर मातीच्या पिशव्यांच्या ओळीत त्यांनी ती जुडी ठेवली आणि नाशिक येईस्तोवर तिच्यावर हात धरून बसल्या, खड्ड्यांनी ती खाली पडू नये म्हणून.

घरी सावळीरामांनी विचारलं, "काय आणलंस?" वास तर त्यांना येतच नव्हता.

"तानुबाईची भाजी," मालनबाई म्हणाल्या, आणि माती धुवायला नळाखाली बसल्या.